मागचं डावं दार

१

आमच्याकडे फाटकाचा नियम बायबलच्याही वरचा. गाडीत जो डावीकडे बसलाय त्याने उतरायचं, साखळी काढायची, फाटक उघडून धरायचं, गाडी पलीकडे गेली की फाटक लावायचं, साखळी अडकवायची आणि परत येऊन चढायचं. चालवणाऱ्याने जागचं हलायचं नाही. डावीकडे बिशप बसलेला असला तरी उतरतो तोच. लग्नानंतर क्लेमने मला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा मी पांढरे बूट घालून हमरस्त्यापासून घरापर्यंतची सातही फाटकं उघडली होती. दर वेळी मी दाराला हात लावते न लावते तोच हा शहाणा गाडी दोन हात पुढे घ्यायचा. इथला सगळ्यात जुना विनोद आहे हा, तरी प्रत्येक नवऱ्याला वाटतं की आपल्यालाच सुचला.

पुढे क्लेमला दूरचं नीट दिसेना, म्हणून आम्ही जागा बदलल्या. मी चालवायला लागले आणि तो उतरायला लागला. बरीच वर्षं तसंच चाललं. तो फाटकाशी असायचा तेवढा वेळ मी ब्रेकवर पाय ठेवून समोर बघत बसायचे. तेवढीच काय ती माझी दिवसातली विश्रांती.

गेल्या हिवाळ्यात त्याला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. सगळ्या भाषेतून एकच शब्द त्याच्याकडे शिल्लक राहिला, 'थांब'. भूक लागली तरी थांब, कुत्रा दिसला तरी थांब, रात्री अंग दुखलं तरी थांब. मी त्या एका शब्दाचे वीस अर्थ शिकले. आठवड्यातून दोनदा त्याला व्यायामासाठी गावात, पोर्ट ऑगस्टाला, न्यावं लागायचं, आणि फाटकं आता माझ्याच वाट्याला आली. दर फाटकाशी दोनदा उतरायचं, दोनदा चढायचं. जाताना सात, येताना सात. उघडी ठेवायची सोय नाही, कारण आमची कुरणं आता शेजारच्या नेव्ह पास्कोकडे आहेत आणि त्याचे एडके मेंढ्यांपासून वेगळे ठेवावे लागतात. फाटकांच्या जागी जमिनीत लोखंडी जाळ्या टाकूया, वरून गाडी जाईल पण मेंढी ओलांडणार नाही, असं क्लेम दरवर्षी म्हणायचा. दरवर्षी पुढच्या वर्षी.

त्यात आमच्या म्हाताऱ्या गाडीने ओढ्यातच मान टाकली. दुष्काळात तेरावा महिना.

ॲडलेडहून किर्स्टीचा फोन आला. मुलगी माझी प्रेमळ आहे, पण शहरात राहून तिचा आवाज ऑफिसातल्यासारखा झालाय.

"आई, आता पुरे. बाबांना इथल्या केअर होममध्ये ठेवू. तूही जवळ खोली घे."

"त्याला तिथे नाही आवडायचं."

"तुला कसं कळलं? ते बोलतात का?"

"थांब म्हणतो ना."

ती हसली नाही. "चांगली गाडी मिळाली तर बघू. नाहीतर थंडीच्या आत मी येऊन त्यांना घेऊन जाणार. तू आरशात बघितलंयस का स्वतःला?"

बघितलं होतं. म्हणूनच तर गाडी हवी होती.

२

गाडी बघायला नेव्ह माझ्याबरोबर आला. नेव्ह म्हणजे जुन्या गाड्यांचा सोयरा. त्याच्या आवारात इतक्या गाड्या गंजत पडल्यात की त्याची बायको पाहुण्यांना सांगते, हे आमचं कब्रस्तान.

"हे बघ ग्लेनिस," तो म्हणाला, "तुला शोभेची नकोय. ओढा ओलांडला पाहिजे, पन्हाळी पत्र्यासारख्या रस्त्यावर खिळखिळी होता कामा नये, आणि हमरस्त्यावर शंभरला पळताना कानाचे पडदे शाबूत राहिले पाहिजेत. तिन्ही गोष्टी एका गाडीत मिळणं म्हणजे देखणा, कष्टाळू आणि न पिणारा जावई मिळण्यासारखं."

पहिली गाडी किनाऱ्याकडची होती. वरून आरशासारखी चकचकीत. नेव्ह खाली सरपटत गेला, हातोडीने चासीवर दोन टोले घातले आणि गंजाचा ढलपा माझ्या हातावर ठेवला. "समुद्रावर फिरवलीय लेकाच्यांनी. मिठाने आतून खाल्लीय." दुसरी एका पोरगेल्या गृहस्थाची. उंच टायर, उंच स्प्रिंगा, पुढे चार दिवे. नेव्हला आवडली. मी विचारलं, "यात क्लेमला चढवायचं कसं? क्रेन लावू?" ती राहिली.

तिसरी क्वॉर्न गावाच्या बाहेर, आयरिस नावाच्या बाईकडे होती. बाई माझ्याच वयाच्या. त्यांच्या आवाराचं फाटक खाली बसलं होतं. ते उचलून ढकलताना त्यांचा जीव मेटाकुटीला आला. नवरा दहा पावलांवर नळीने गुलाबांना पाणी घालत पाठमोरा उभा होता. धडधाकट माणूस, पण ढिम्म हलला नाही. शेवटी नेव्हने हात लावला.

"यजमान फार आजारी होते," आयरिसबाई म्हणाल्या. "आता बरे आहेत."

बोलण्यात आनंद काही दिसला नाही. मला वाटलं, आजारपण काढलेल्या बाईचा आनंद मागाहून येत असेल.

गाडी पांढरी, चार दारांची, डिझेलवर चालणारी. नेव्हने तेलाचा दांडा काढून वास घेतला, रेडिएटरचं पाणी बघितलं, चारही चाकांना ताकद देणारा छोटा दांडा टाकून शेजारच्या उतारावर गाडी चढवली-उतरवली. चासी कोरी, गिअर लोण्यासारखे, पायरी खाली. सीटवरचा भुसा-धूळ सोडली तर खोट काढायला जागा नाही. मग तो मागच्या डाव्या दाराशी थांबला.

"हे बघ."

त्या दाराच्या मुठीवरचा काळा रंग पूर्ण उडाला होता. बिजागऱ्या ढिल्या होत्या. खालच्या पायरीचं रबर झिजून पत्रा उघडा पडला होता, मध्यभागी खोलगट. बाकी तिन्ही दारं मात्र नव्यासारखी.

"फाटकं उघडून झिजलंय," मी म्हटलं.

"फाटक उघडणारा पुढे बसतो गं. पुढची डावी जागा त्याची. मागून उतरून फाटक कोण उघडतो?"

"पोरं असतील."

आयरिसबाई जवळच उभ्या होत्या. "आम्हाला मूलबाळ नाही," त्या म्हणाल्या. नेव्ह काही विचारणार, तेवढ्यात त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि माझी मूठ आपल्या दोन्ही हातांनी बंद केली. त्यांचे हात थंडगार होते. आपल्या नवऱ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे फाटकं किती?"

"सात."

"अरे देवा," त्या म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

मी गाडी घेतली. नेव्ह परतताना म्हणाला, बिजागरीला चार थेंब तेल सोड, बाकी हिरा आहे. खरोखरच हिरा होती.

३

गाडी शोधायच्या धावपळीत क्लेमला गावात किर्स्टीच्या मैत्रिणीकडे ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याला नव्या गाडीत पुढे बसवलं. बसवणं म्हणजे आधी कंबर, मग डावा पाय, मग उजवा पाय उचलून, मग पट्टा. त्याचा उजवा हात सारखा घरंगळून गिअरच्या दांड्यावर यायचा. दर वेळी गिअर बदलायच्या आधी तो हात उचलून मी त्याच्या मांडीवर ठेवायचे. मेलेल्या कोंबडीइतका जड हात. आपल्या माणसाच्या हाताला असं म्हणू नये, पण तसाच लागायचा.

हमरस्ता सोडला आणि पहिलं फाटक आलं. मी थांबले, पाय ब्रेकवर ठेवला आणि समोर बघत बसले.

किती वेळ बसले कोण जाणे. मग लक्षात आलं की मी क्लेम उतरायची वाट बघतेय. इतक्या वर्षांची सवय, आणि त्यात चार रात्री धड झोप नाही. हसू आलं, आणि हसताना रडूही आलं. "म्हातारी चळली बघ तुझी," असं मी क्लेमला म्हणाले आणि माझं दार उघडायला हात घातला.

तेवढ्यात मागे डावीकडे खट्ट झालं. गाडी एका बाजूला किंचित वर उचलल्यासारखी झाली, कोणी उतरल्यावर होते तशी.

मी मागे बघितलं. दार बंद होतं. सीटवर माझी पिशवी आणि पावाच्या दोन लाद्या. बिजागरी ढिली आहे, नेव्हने सांगितलंच होतं. मी उतरून फाटकाशी गेले तर साखळी खिळ्यावरून निघून लोंबत होती. हलत होती अजून. कोणीतरी निष्काळजीपणे लावलं असेल, मी म्हटलं, आणि वाऱ्यावर खापर फोडलं. वारा नव्हता.

दुसऱ्या फाटकाशी पुन्हा खट्ट झालं. मी उतरायच्या आतच फाटक उघडायला लागलं. सावकाश, कोणी पायाने रेटत आणावं तसं, अगदी शेवटपर्यंत उघडलं आणि तिथे टेकून राहिलं. वाऱ्याने उघडलेलं फाटक परत झुलतं. हे झुललं नाही. मी गाडी पलीकडे नेली. आता लावायला उतरावं म्हणून आरशात बघते तर फाटक लागलेलं. साखळीचा खळखळाट ऐकू आला. मग मागचं दार, आणि गाडी डावीकडे जराशी बसली.

क्लेम समोर बघत होता. त्याच्या गालाची चांगली बाजू ताणली गेली होती.

तिसऱ्या फाटकाशी मी उतरले नाही. मी घाबरले नव्हते असं नाही, पण दमणं भीतीपेक्षा मोठं असतं, हे मला त्या वर्षी कळलं होतं. पाय ब्रेकवर ठेवून मी बसून राहिले आणि डोळे मिटले. माझी ती जुनी विश्रांती मला परत मिळाली. कोणी दिली हे मी विचारलं नाही.

४

माणूस कशालाही सरावतो. काही आठवडे असेच गेले. गाडीने एकदाही तक्रार केली नाही. पाऊस पडून ओढ्यात गुडघाभर चिखल झाला, छोटा दांडा टाकला की म्हशीसारखी शांत चालत पलीकडे जायची. हमरस्त्यावर रेडिओ ऐकू यायचा. माझे गुडघे बरे झाले. मी रात्री झोपू लागले. किर्स्टी म्हणाली, आई, आवाजात जीव आलाय तुझ्या.

मी स्वतःशी हिशेब जुळवत असे. जुन्या माणसांची फाटकं, झिजलेल्या साखळ्या, उतारावरच्या जागा; उघडणारच आपोआप. दिवसभर घरात बसून हे पटायचं. गाडीत बसल्यावर पटायचं नाही, पण तोपर्यंत फाटक उघडलेलं असायचं. मागच्या सीटवर डावीकडे बुडाएवढा खळगा पडला होता. पिशव्या मी तिथे ठेवेनाशी झाले. का, ते मनालाही सांगितलं नाही. कोणाची जागा आपण घेत नाही, एवढंच.

मग एकदा नेव्हला गावात जायचं होतं. क्लेम पुढे होताच; नेव्ह माझ्या मागे, उजवीकडे बसला. निघताना बडबड चालू होती.

"चालवणारीच्या मागे बसलोय मी. फाटकाला उतरणार नाही, आधीच सांगतो. माझ्या पायाला गाऊटची सूज आहे."

"राजेसाहेब, बसा."

पहिलं फाटक आलं. मी थांबले. खट्ट झालं. फाटक उघडलं, आम्ही पलीकडे गेलो, फाटक लागलं, दार वाजलं, गाडी बसली. मी निघाले. नेव्हची बडबड बंद झाली होती. सातही फाटकं तशीच पार पडली. हमरस्त्याला लागल्यावर त्याने मला थांबायला लावलं आणि खाली उतरला.

"मी कोणाची तरी गाडी बघतो," तो म्हणाला.

"अरे, गाव केवढं लांब आहे!"

त्याने मागच्या दाराकडे बोट केलं. "त्या दाराला आतून उघडायची मूठच नाही गं. मोडलीय. मी गाडी बघितली तेव्हा लक्षात आलं होतं, म्हटलं पुढच्या खेपेला बसवून देऊ."

"मग?"

"मग काय? सीट खाली गेली, ग्लेनिस. माझ्या शेजारी. येऊन बसला आणि दमल्यासारखा श्वास टाकला त्याने." तो माझ्या खिडकीशी आला. "विकून टाक ही."

"आणि क्लेमला कशात नेऊ? तुझ्या कब्रस्तानातल्या ट्रॅक्टरवर?"

त्याला वाटलं असेल, ही बाई वेडी आहे. मी वेडी नव्हते. माझ्याकडे दुसरी गाडी नव्हती, आणि ही गेली की थंडीच्या आत क्लेम जाणार होता. इतकं सोपं होतं ते.

५

क्लेमचं मात्र काहीतरी बिघडत होतं. आधी तो गाडीत बसायला खूष असायचा. आता गाडी दिसली की डाव्या हाताने दाराची चौकट घट्ट धरायचा. फाटक पार झालं की "थांब" म्हणायचा आणि मागचं दार वाजेपर्यंत म्हणत राहायचा. थांब, थांब. मला वाटलं, जुनं वळण आहे, फाटक लावणाऱ्याला सोडून जायचं नसतं. मला त्याचं कौतुकच वाटलं. वीस अर्थांत एकविसावा मिळवला.

व्यायाम घेणारी मुलगी म्हणाली, "खाताहेत ना नीट? वजन उतरलंय. गेल्या महिन्यात आधाराने उभे राहायचे, आता पायात जोरच लावत नाहीत."

त्याच दिवशी परतताना, ओढ्यापाशी जे फाटक आहे तिथे, मी थांबले आणि मागचं दार वाजायची वाट बघू लागले. ते वाजलं नाही. खट्ट झालं ते पुढे. क्लेमच्या दाराची मूठ बाहेरून वर उचलली गेली, पुन्हा खाली आली, पुन्हा उचलली गेली. दार आतून लावलेलं होतं. क्लेम माझ्या बाजूला इतका कलला की त्याचं डोकं माझ्या खांद्याला लागलं.

"थांब," तो म्हणाला. एवढ्या हळू आवाजात तो कधी बोलला नव्हता.

मूठ थांबली. मग मागचं दार जोरात आपटलं, रागावलेल्या माणसाने आपटावं तसं.

तेव्हा मला नेव्हचं बोलणं आठवलं. फाटक उघडणाऱ्याची जागा पुढची. इथे हे कोणालाही विचारा. हा इतके दिवस उतरत होता, चढत होता, साखळ्या काढत होता, आणि त्याच्या जागेवर एक माणूस नुसता बसून होता. मीच त्याला बसवत होते, आपल्या हाताने, पट्टा लावून.

घरी पोचल्यावर मी क्लेमसमोर बसले. त्याचा चांगला हात हातात घेतला.

"तुला हे आधीच कळलं होतं ना रे?"

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. माझी विश्रांती चालली होती आणि त्याचा जीव जात होता.

६

व्यायाम चुकवून चालणार नव्हतं. त्याला मागे बसवायचा विचार केला, पण मागे उजवीकडे बसवायचं म्हणजे त्या मागच्याच्या शेजारी. पुढेच बसवलं. जाताना प्रत्येक फाटकाशी मी थांबायच्या आत स्वतः उडी मारून उतरले. कोणी काही केलं नाही. दारं गप्प होती. गावात कामं उरकली, मटणाचा पॅटिस घेतला, क्लेमला भरवला. त्याने सगळा खाल्ला. मला वाटलं, मागचा रुसून गेला असेल.

परतताना भर दुपार होती, उन्हाने रस्ता पांढरा दिसत होता. ओढ्यापाशी आलो. माझ्या गुडघ्यांनी राम म्हटला होता. मी दाराला हात घातला, तोच दार उघडल्याचा आवाज आला आणि गाडी हलली.

म्हणजे होता तो.

मी हात मागे घेतला आणि एका क्षणात ठरवलं. तो फाटक लावायला मागे राहील. तो चढायच्या आत निघायचं. वेगात. दोन हात नव्हे, थेट घरापर्यंत. सगळे करतात तो विनोद एकदा मनापासून करायचा. डावीकडे बघायचं नाही, मागे बघायचं नाही. मी मान ताठ ठेवली आणि समोर नजर लावली.

फाटक उघडायला नेहमीपेक्षा वेळ लागला. दगडगोट्यांवर काहीतरी घासत गेलं. मी बघितलं नाही. फाटकाच्या पट्ट्या बाजूला सरताना दिसल्या तेवढ्या. मी गाडी पलीकडे नेली, थांबवली, क्लच दाबून ठेवला. मागून फाटक आपटल्याचा आवाज आला. साखळी खळखळली.

"थांब," क्लेम म्हणाला.

"नाही रे राजा," मी म्हटलं. "आज नाही थांबायचं."

मी क्लच सोडला. गाडी उसळून निघाली. धुळीचा लोट मागे उठला. "थांब! थांब!" आणि मी वेग वाढवत गेले, आणि खूप महिन्यांनी माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मला ओरडावंसं वाटत होतं. गिअर बदलायला मी क्लेमचा हात उचलायला गेले.

हात दांड्यावर होता. मी हात पुढे केला तसा तो आपणहून उचलला गेला आणि मांडीवर जाऊन बसला. मला जागा करून द्यावी तसा.

पुन्हा आवाज आला. "थांब." बारीक, लांबून. तो गाडीच्या आतून आला नव्हता.

मी आरशात बघितलं. धूळ फाटली होती तेवढ्या जागेत फाटक दिसलं आणि फाटकाला धरून एक माणूस. एका बाजूला कललेला. एक बाही नुसती लोंबत होती, दुसरा हात वर केला होता. मग धूळ पुन्हा मिटली.

मी ब्रेकवर उभीच राहिले. गाडी आडवी होत थांबली. शेजारच्या सीटवर क्लेमचा निळा शर्ट होता, क्लेमची हॅट होती. शर्टातली छाती मोठे, सवडीचे श्वास घेत होती. त्यापलीकडे मी नजर नेली नाही. नेववली नाही.

मी वाट बघत राहिले. दुसरं काय करणार? चालवणाऱ्याने तेच करायचं असतं. बऱ्याच वेळाने गोट्यांवरचं घासणं जवळ आलं. मागचं डावं दार उघडलं. पायरीवर एक पाय पडला, निसटला, पुन्हा पडला. सीट हळूच दबली, फारशी नाही. हलक्या माणसाने दबावी तितकीच.

"चल," शेजारून आवाज आला. क्लेमचाच आवाज, झटक्याच्या आधीचा, ठणठणीत. "घरी जाऊ."

मी निघाले. देव मला क्षमा करो, हात-पाय आपोआप चालत होते. मागे कोणी बोलत नव्हतं. पुढचं फाटक दिसायला लागलं तसं मी मनात म्हणत गेले, हा उतरेल, याला उतरावं लागेल, पुढे बसलाय ना आता. तो उतरला की मी मागे वळेन, क्लेमला ओढून माझ्याजवळ घेईन.

मी थांबले. शेजारचा हलला नाही. त्याने पाय लांब केले आणि हॅट डोळ्यांवर ओढली. गुलाबांना पाणी घालणारा, आयरिसबाईंचा 'बरा झालेला' नवरा मला आठवला.

मागचं दार उघडलं.

मी ओरडून माझं दार ढकललं, पण माझ्या मनगटावर हात पडला. उजवा हात, गरम, बळकट. "तू बस," तो मायेने म्हणाला. "दमली आहेस."

बाहेर उन्हात आता कोणी दिसत नव्हतं. नुसता एक पाय ओढत नेल्याचा माग धुळीत उमटत फाटकाकडे चालला होता. तिथे तो थांबला. साखळी हलली, थांबली, पुन्हा हलली. निघायला फार वेळ लागत होता. एकाच हाताने काढायची होती.